झुरिक कसं पाहावं: सरोवराच्या काठाकाठाने दोन दिवस

मुंबईहून स्वित्झर्लंडला निघालेले बरेच पर्यटक झुरिकला उतरतात आणि त्याच सकाळी ल्युसर्न किंवा इंटरलाकेनची गाडी पकडतात. त्यांच्या लेखी झुरिक म्हणजे फक्त एक विमानतळ. आमचं मत स्पष्ट आहे: या शहराला दोन पूर्ण दिवस द्या आणि ते दोन्ही दिवस पाण्याच्या आसपास घालवा. स्वित्झर्लंडमधलं हे सर्वांत मोठं शहर असलं तरी जुना गाव एवढा आटोपशीर आहे, की स्टेशनपासून सरोवरापर्यंत रमतगमत चाललात तरी अर्ध्या तासात पोहोचता.

आधी दिशा लक्षात घ्या, मग नकाशा सारखा उघडावा लागत नाही. झुरिकचं सरोवर केळ्यासारखं वाकडं, सुमारे ४० किलोमीटर लांब आहे आणि शहर त्याच्या वायव्य टोकाला वसलं आहे. तिथून लिमात नदी बाहेर पडते आणि जुन्या गावाच्या मधून मुख्य स्टेशनकडे वाहते. म्हणजे रस्ता चुकलात तर नदीपाशी या: पाणी वाहतं तिकडे स्टेशन, उलट दिशेला सरोवर. सरोवराकडे तोंड केलंत की डाव्या हाताला दोन जुळ्या मनोऱ्यांचं ग्रोसम्युन्स्टर, उजव्या हाताला निमुळत्या हिरव्या शिखराचं फ्राउम्युन्स्टर. या दोन चर्चच्या खुणा धरून अख्खा जुना गाव फिरता येतो.

विमानतळ ते शहर

मुंबईचं थेट विमान मध्यरात्रीनंतर निघून सकाळी लवकर पोहोचतं. हॉटेलची खोली मात्र बहुधा दुपारी मिळते. मधले तास लॉबीत डुलक्या घेत घालवू नका. बॅगा हॉटेलवर किंवा मुख्य स्टेशनच्या लॉकरमध्ये टाका आणि बाहेर पडा.

विमानतळाच्या खालीच रेल्वे स्टेशन आहे. तिथून मुख्य स्टेशन दहा-बारा मिनिटांवर, आणि गाड्या तासाला कितीतरी. ट्राम क्रमांक १० सुद्धा तिकडेच जाते, पण तिला अर्ध्या तासाहून जास्त लागतो. मोठ्या बॅगा असतील तर रेल्वेच बरी. टॅक्सीचा विचारही करू नका. भाडं रेल्वेच्या कितीतरी पट होतं आणि वेळ फारसा वाचत नाही.

मुख्य स्टेशनचं नाव लांबलचक, हाउप्टबानहोफ. सगळे त्याला ‘हा-बे’ म्हणतात आणि पाट्यांवरही तीच दोन अक्षरं, HB, असतात. इथे नवखे हमखास गोंधळतात ते फलाटांमुळे. ३ ते १८ वरच्या मजल्यावर. २१-२२, ३१ ते ३४ आणि ४१ ते ४४ जमिनीखाली, आणि तेही वेगवेगळ्या टोकांना. ३१ ते ३४ हे भुयारी फलाट २०१४ मध्ये सुरू झाले. तिथून ४१-४४ कडे जायचं तर बॅगांसह सात-आठ मिनिटं धरा. गाडी बदलायला चारच मिनिटं दिसत असतील तर पुढची गाडी घ्या. चुकामूक झाली तर भेटायची जागा ठरलेली असावी: मोठ्या दालनातल्या चौमुखी घड्याळाखाली. झुरिककरही तिथेच भेटतात.

तिकीट: पैसे इथेच वाचतात, इथेच जातात

ट्राम, बस, लोकल, बोटी, डोंगरावरची छोटी रेल्वे, सगळं एकाच तिकिटावर चालतं. तिकीट गाडीचं नसतं, भागाचं असतं. शहराचा भाग म्हणजे झोन ११०, आणि हिशेबात तो दोन झोन धरला जातो. म्हणून मशीनवर ‘१-२ झोन’ दिसलं की ते शहराचं तिकीट. विमानतळ १२१ मध्ये येतो, त्यामुळे तिथून तीन झोनचं तिकीट लागतं. शहराचं साधं तिकीट एक तास चालतं. त्या तासात कितीही वेळा गाडी बदला. चार-पाच थांब्यांपुरतं स्वस्त तिकीट वेगळं असतं, ते अर्धा तास चालतं.

दिवसाचं तिकीट साध्या तिकिटाच्या बरोबर दुप्पट किमतीला मिळतं, आणि ते मध्यरात्रीपर्यंत नव्हे, तर पुढचे २४ तास चालतं. म्हणजे तिसऱ्या फेरीपासून सगळं फुकट. सकाळी सातला उतरलात तर विमानतळावरच तीन झोनचं २४ तासांचं तिकीट घ्या. शहरात येणं, दिवसभरच्या ट्राम आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सातपर्यंतचं सगळं त्यात बसतं.

मशीनवर इंग्रजी भाषा निवडता येते. झोन मोजत बसण्यापेक्षा ठिकाणाचं नाव टाका, मशीन स्वतः हिशेब करतं. मशीनच्या तिकिटावर वेळ छापलेली असते, त्यामुळे ते पुन्हा पंच करावं लागत नाही. सहा वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही. सहा ते सोळा वयाला सवलत आहे, तो पर्याय मशीनवर वेगळा निवडावा लागतो.

‘झुरिक कार्ड’ २४ किंवा ७२ तासांचं मिळतं. त्यात विमानतळ, शहर, उट्लीबेर्ग डोंगर, शेजारच्या फेल्सेनेग या डोंगरमाथ्याची केबल कार आणि सरोवराची छोटी फेरी येते. संग्रहालयांत प्रवेश मोफत किंवा सवलतीत मिळतो. एका दिवसात डोंगर, बोट आणि एखादं संग्रहालय करणार असाल तर ते घ्या. नुसतं गावात फिरायचं असेल तर साधं दिवसाचं तिकीट पुरतं. देशभर फिरण्यासाठी स्विस ट्रॅव्हल पास घेतला असेल तर झुरिकसाठी वेगळं काहीच लागत नाही. हे माहीत नसल्यामुळे अनेक जण दुहेरी पैसे भरतात.

ट्रामला दरवाज्यात कोणी अडवत नाही, स्टेशनलाही फाटक नाही. म्हणून तिकीट काढायचं राहून जातं. तपासनीस साध्या कपड्यांत येतात आणि ‘आम्ही पर्यटक, ठाऊक नव्हतं’ हे कारण चालत नाही. दंड सुमारे शंभर फ्रँक. तिकीट चढायच्या आधी काढायचं. फोनवर काढत असाल तर गाडी येण्याआधी ते पूर्ण झालेलं असावं. दार आपोआप उघडत नाही, बटण दाबावं लागतं.

पहिला दिवस: जुना गाव, पायी

चर्चमध्ये कधी शिरायचं हे उजेडावर ठरवा. फ्राउम्युन्स्टरमध्ये मार्क शगाल यांनी केलेल्या पाच रंगीत काचांच्या खिडक्या आहेत, १९७० सालच्या. त्या पूर्वेकडच्या, नदीच्या बाजूच्या भागात असल्याने सकाळच्या उन्हात पेटून उठतात. नदीपलीकडच्या ग्रोसम्युन्स्टरमध्ये झिगमार पोल्के यांच्या २००९ च्या खिडक्या आहेत. त्यांतल्या काही अकीक दगडाच्या पातळ चकत्या जोडून केल्या आहेत, आणि त्या पश्चिमेच्या बाजूला. तिथे दुपारनंतर जा. उलट क्रमाने गेलात तर दोन्हीकडे फिक्या काचा दिसतील आणि यात एवढं काय, असं वाटेल. रविवारी सकाळी दोन्हीकडे प्रार्थना असते. पाहायला दुपार उजाडावी लागते.

म्हणून सकाळची सुरुवात लिंडेनहोफच्या टेकाडावरून करा. स्टेशनपासून दहा मिनिटं. रोमन काळात इथे किल्ला होता आणि गावाचं नाव होतं तुरिकुम. आता लिंडेनच्या झाडांखाली सावली, बुद्धिबळाचे मोठे पट आणि कठड्यापलीकडे नदी. तिथून उतारावर सेंट पीटरचं चर्च. त्याच्या घड्याळाची तबकडी ८.७ मीटर व्यासाची, युरोपातल्या चर्चच्या घड्याळांत सर्वांत मोठी. मग फ्राउम्युन्स्टर. ८५३ साली राजा लुडविगने आपल्या मुलीसाठी, हिल्डेगार्डसाठी, हा मठ स्थापन केला. पुढे शतकानुशतकं या मठाची प्रमुख बाईच गावाची धनीण होती.

पूल ओलांडून ग्रोसम्युन्स्टरला या. उलरिख झ्विंगली १५१९ मध्ये इथे धर्मोपदेशक झाला आणि स्विस धर्मसुधारणेची चळवळ इथूनच पसरली. आतल्या भिंती उघड्याबोडक्या दिसतात, कारण चळवळीतच मूर्ती आणि चित्रं काढून टाकली गेली. मनोऱ्याला १८७ पायऱ्या, वाट अरुंद, लिफ्ट नाही. गुडघे दुखत असतील तर सोडून द्या. हवा स्वच्छ असेल तर मात्र वरून सरोवर आणि मागचे बर्फाचे डोंगर एका नजरेत येतात.

चर्चच्या मागे निडरडोर्फच्या गल्ल्या. श्पिगेलगासे ही एवढीशी गल्ली चुकवू नका. क्रमांक १ ला काबरे व्होल्तेअर हा कलावंतांचा अड्डा, जिथे १९१६ मध्ये दादा कलाचळवळ सुरू झाली. थोडं चढून क्रमांक १४ ला त्याच काळात लेनिन भाड्याने राहत होता. एप्रिल १९१७ मध्ये तो इथूनच रशियाला निघाला.

बानहोफश्ट्रासे या सव्वा-दीड किलोमीटरच्या प्रसिद्ध रस्त्याला अर्धा तास पुष्कळ झाला. घड्याळं आणि दागिने पाहायचे असतील तर ठीक. नाहीतर सरोवराकडे लवकर निघा.

बेलव्ह्यू चौकातून पाण्याच्या कडेने उटोक्वाई या रस्त्याने त्स्युरिखहोर्नपर्यंत चाला. अंतर दोनेक किलोमीटर, वाट सपाट. व्हीलचेअर आणि बाबागाडी सहज जाते. शेवटी हिरवळ आहे, आणि जवळच चंडीगडची आखणी करणाऱ्या ल कॉर्बुझिए यांची अखेरची वास्तू, १९६७ मध्ये पूर्ण झालेली. रंगीत पत्रे, काच आणि वर छत्रीसारखं वेगळं छप्पर. आतून ती उन्हाळ्याच्या हंगामातच पाहता येते, बाहेरून कधीही.

पाण्यावर आणि पाण्यात

बोटी ब्युर्क्लीप्लात्स या धक्क्यावरून सुटतात. छोटी फेरी दीड तासाची. वेळ असेल तर आमची पसंती वेगळी: बोटीने सरोवराच्या वरच्या भागातल्या रापर्सविलला जा, दोन तास लागतात, आणि येताना लोकलने या, सुमारे पाऊण तासात. जाऊन-येऊन बोटच धरलीत तर तोच काठ दुसऱ्यांदा पाहताना कंटाळा येतो. रापर्सविलला किल्ला आणि गुलाबांच्या बागा आहेत, आणि पाण्यावरून पलीकडच्या हुर्डेन गावापर्यंत नेणारा ८४१ मीटर लांबीचा लाकडी पादचारी पूल. उन्हाळ्यात काही फेऱ्या वाफेवर चालणाऱ्या दोन जुन्या बोटी करतात, एक १९०९ ची, दुसरी १९१४ ची; वेळापत्रकात त्यांच्यापुढे चाकाच्या बोटीची खूण असते. हिवाळ्यात फेऱ्या फार कमी होतात. आदल्या रात्री वेळापत्रक पाहूनच ठरवा.

जुलै-ऑगस्टमध्ये पाणी वीस अंशांच्या वर जातं आणि सगळं गाव पाण्यात असतं. पोहण्याच्या जागांना ‘बाडी’ म्हणतात. काहींना तिकीट आहे. नदीवरच्या ओबरर लेटेन आणि उंटरर लेटेन फुकट. फक्त तलावात पोहण्याची सवय असेल तर नदीत उतरू नका. प्रवाह तुम्हाला खाली नेतो, आणि खालच्या अंगाला वीजघर आहे. बाहेर येण्याच्या शिड्या आधीच हेरून ठेवायच्या आणि शेवटची येण्याआधीच काठ धरायचा. मध्यम पोहणाऱ्यांनी सरोवरावरच्या मिथेनक्वाई किंवा टीफेनब्रुनेनला जावं. तिथे काठाला उथळ पाणी आहे. फक्त स्त्रियांसाठी फ्राउएनबाड आहे, गावाच्या मधोमध, नदीवर तरंगणारं लाकडी स्नानगृह, १८८८ पासूनचं. कपडे ठेवायला स्वतःचं छोटं कुलूप न्या.

काठावर नारिंगी दिवा लुकलुकताना दिसला तर तो शोभेचा नाही. मिनिटाला सुमारे ४० वेळा लुकलुकला तर वारा वाढणार, सावध. ९० वेळा लुकलुकला तर वादळाचा इशारा: पॅडलबोट असो वा पोहणं, ताबडतोब काठ गाठा. डोंगरावरून येणारा वारा इथे काही मिनिटांत सरोवर खवळवतो, आकाश निळं असलं तरी.

दुसरा दिवस: डोंगर आणि एक संग्रहालय

उट्लीबेर्ग हा शहराचा घरचा डोंगर, उंची साधारण ८७० मीटर. मुख्य स्टेशनच्या २१-२२ फलाटांवरून एस१० गाडी वीस-पंचवीस मिनिटांत वर नेते. शेवटच्या थांब्यापासून माथा दहा मिनिटांच्या चढावर. लक्षात ठेवा, नुसतं झोन ११० चं तिकीट इथपर्यंत पुरत नाही. मशीनवर पुढच्या टप्प्याचं जोडतिकीट मिळतं.

नोव्हेंबरपासून जानेवारीपर्यंत झुरिकवर दिवसचे दिवस धुक्याचं झाकण बसतं. खाली करडा अंधार आणि वर लख्ख ऊन, पायाखाली ढगांचा समुद्र. अशा दिवशी ट्रामवर ‘उट्लीबेर्ग हेल’ अशी पाटी लागते, म्हणजे डोंगरावर उजेड आहे. ती दिसली की बाकी सगळं बाजूला ठेवा आणि वर जा. पाटी नसेल तर वेबकॅम पाहून ठरवा, कारण धुकं माथ्याच्याही वर असेल तर तिथे पांढऱ्या भिंतीपलीकडे काही दिसत नाही.

आलेल्या वाटेने परतू नका. माथ्यावरून फेल्सेनेगपर्यंत डोंगराच्या धारेने दीड-दोन तासांची सोपी वाट आहे. तिच्यावर सूर्यमालेचे नमुने मांडले आहेत, एक मीटर म्हणजे दहा लाख किलोमीटर या प्रमाणात. पृथ्वी सूर्यापासून दीडशे मीटरांवर सापडते आणि मग नेपच्यूनपर्यंत चालता चालता पाय बोलायला लागतात. मुलांना हे पुस्तकातल्या चित्रापेक्षा चांगलं कळतं. फेल्सेनेगहून केबल कारने आडलिस्विलला उतरा आणि एस४ गाडीने मुख्य स्टेशनला या. पावसानंतर वाट निसरडी असते, चपला नकोत.

दुपारी म्युझियम रीटबेर्ग, ट्राम ७, थांब्याचं नावही तेच. भारतीय माणसाने झुरिकमध्ये एकच संग्रहालय पाहायचं तर हे. तमिळ भूमीतला नटराज आणि पहाडी-राजस्थानी लघुचित्रांचा मोठा संग्रह इथे आहे. त्यातला बराच भाग आलीस बोनर यांच्याकडून आला. नर्तक उदय शंकर यांच्यासोबत काम केलेल्या या स्विस चित्रकर्तीने आयुष्याची चार दशकं वाराणसीत काढली. सोमवारी हे बंद, कुन्स्टहाउस हे कलासंग्रहालय बंद आणि राष्ट्रीय संग्रहालयही बंद. दोन दिवसांतला एक सोमवार असेल तर तो डोंगराला द्या.

खाणं, पाणी, दुकानं

पिण्याचं पाणी विकत घेऊ नका. शहरात १,२०० च्या आसपास कारंजी आहेत आणि त्यांचं पाणी पिण्याचं असतं. नसेल तिथे ‘काइन ट्रिंकवासर’ अशी पाटी असते. रिकामी बाटली सोबत असली की झालं.

शाकाहाऱ्यांसाठी झिलश्ट्रासेवरचं हिल्टल. १८९८ पासून चालू, आणि जगातलं सर्वांत जुनं शाकाहारी रेस्टॉरंट म्हणून गिनीजमध्ये नोंद. मार्ग्रित हिल्टल १९५१ मध्ये दिल्लीच्या शाकाहार परिषदेला आल्या आणि परत जाताना भारतीय मसाल्यांची गोडी घेऊन गेल्या. तेव्हापासून तिथे आमटी-भाताच्या जवळपास जाणारं काहीतरी मिळतं. बुफे वजनावर घेतलात तर भात, डाळ आणि रसभाज्या ताट जड करतात. आधी थोडं घ्या, लागलं तर पुन्हा जा.

बाकीकडे विचारून खा. सूप आणि रिसोट्टोत बऱ्याचदा मांसाचा अर्क असतो. ग्रुयेरसारख्या पारंपरिक चीजमध्ये वासराच्या पोटातलं विरजण वापरतात. फोंड्यूत, म्हणजे वितळलेल्या चीजच्या पदार्थात, पांढरी वाइन असते आणि बहुधा चेरीची दारूही. कडक पथ्य असेल तर हे आधीच माहीत हवं. बिर्खरम्युसली मात्र निर्धास्त खा: भिजवलेले ओट्स, किसलेलं सफरचंद, लिंबू, सुकामेवा. झुरिकच्याच डॉक्टर बिर्खर-बेनर यांनी रुग्णांसाठी तयार केलेला पदार्थ.

रविवारी दुकानं बंद असतात. मुख्य स्टेशन आणि विमानतळावरची दुकानं उघडी, पण तिथे रांगा आणि भाव दोन्ही जास्त. दूध, ब्रेड, फळं शनिवारी संध्याकाळीच भरा. भाड्याच्या घरात उतरला असाल तर कचरा कुठल्याही पिशवीत टाकून चालत नाही. ‘त्स्युरी-झाक’ ही शहराची छापील पिशवीच लागते, कारण कचऱ्याचा कर तिच्या किमतीत असतो. ती सुपरमार्केटच्या गल्ल्यावर मागावी लागते.

बारीकसारीक

दुकानात शिरताना ‘ग्रुएत्सी’ म्हणा, निघताना ‘मेर्सी’. न बोलता आत जाणं इथे उद्धटपणा समजतात. वेळ विचारली आणि ‘हाल्ब द्राय’ ऐकलंत तर साडेतीन समजू नका, ते अडीच. आपलं अडीचही ‘अर्धतृतीय’ म्हणजे तिसऱ्याचा अर्धा यावरूनच आलं आहे, त्यामुळे मराठी माणसाला हे लक्षात ठेवायला सोपं.

स्विस सॉकेट षट्कोनी आणि खोलगट असतं. फोन चार्जरची सपाट दोन पिनांची भारतीय पिन बहुधा बसते. तीन गोल पिनांची बसत नाही, आणि जर्मनीसाठी घेतलेला जाड गोल ॲडॅप्टरही नाही. देश युरोपीय संघात नाही, त्यामुळे ‘युरोप’ लिहिलेलं सिमकार्ड घेताना यादीत स्वित्झर्लंडचं नाव आहे ना, ते पाहा. चलन फ्रँक, युरो चालले तरी सुट्टे फ्रँकमध्येच मिळतात आणि दर तोट्याचा. आणीबाणीत पोलीस ११७, रुग्णवाहिका १४४.

निघताना: एकाच दुकानातली खरेदी किमान ३०० फ्रँकची असेल तर कर परत मिळतो. दुकानातून अर्ज भरून घ्या आणि विमानतळावर बॅग देण्याआधी सीमाशुल्काचा शिक्का घ्या, कारण वस्तू दाखवायला सांगितलं आणि बॅग आत गेलेली असली तर परतावा गेला. लाल मुठीचा स्विस चाकू मात्र आठवणीने चेक-इनच्या बॅगेतच ठेवा.